आईची मशेरी: आधी समजूत बदलायची की सवय?

कोयनाकाठ
मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आई पाटण तालुक्यात गावी असते, साठीच्या आतबाहेर. मी पुण्यात. तिला मशेरीची सवय आहे, लग्नाच्याही आधीपासून. बाजारातून काळी तंबाखू आणायची, तव्यावर करपेपर्यंत भाजायची (तेव्हा अख्खी आळी ठसकते), हाताने चुरायची आणि डबीत भरायची. मग ती दात-हिरड्यांना लावायची: सकाळी उठल्या उठल्या, दुपारी जेवणं आटोपली की, चार वाजता आणि निजायच्या आधी. मधेच कोणी बाई येऊन टेकली तर तिच्यासोबतची वेगळी.

कॅन्सर होतो हे तिला माहीत नाही असं अजिबात नाही. भावकीतलेच एक काका तोंडाच्या कॅन्सरने गेले. त्यांच्या दिवसकार्याला स्वयंपाक उरकल्यावर बायका मागच्या दारी बसल्या होत्या आणि डबी या हातातून त्या हातात फिरत होती. मी बोलले की तिचं उत्तर ठरलेलं: "माझ्या आयनं जन्मभर लावली, मरंस्तवर एक दात हलला न्हाई."

आणि हीच बाई काशीला गेली तेव्हा वांगं सोडून आली! वांगं म्हणजे तिचा जीव की प्राण. त्यानंतर तिने वांग्याची फोड तोंडात घातलेली नाही. आम्हाला भरली वांगी करून घालते आणि मीठ बरोबर आहे का बघायला मला हाक मारते. म्हणजे निश्चय कमी पडतो असं तरी कसं म्हणू? माझ्याकडे पुण्याला आली की मशेरी निम्म्यावर येते, गावी परतली की पुन्हा पहिले पाढे.

तर प्रश्न असा: माणसाची समजूत बदलली की सवय सुटते, की सवय सुटायला लागली की समजूत मागून येते? मी सुरुवात कुठून करू? "समजावून सांगा" हा सल्ला कृपया नको, ते करून घसा बसलाय.

चहाबाज
पहिला! २१ दिवस डबी लपवून ठेवा. २१ दिवसांत कुठलीही सवय सुटते म्हणतात.

फटकळ
कोण म्हणतात? हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनचा. नाकाडोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्या लोकांना आरशातल्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला किमान २१ दिवस लागतात, असं त्याने १९६० साली लिहिलं. त्याचा व्यसनाशी काडीचा संबंध नाही. पुढे व्याख्यानं देणाऱ्यांनी तो आकडा सगळ्यालाच चिकटवला.

नीट मोजमाप केलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी, २००९ मध्ये. ९६ जणांनी स्वतःच साधीशी कामं निवडली: जेवताना एक फळ खायचं, पाणी प्यायचं, संध्याकाळच्या जेवणाआधी थोडं पळून यायचं. रोज ठरल्या वेळी. ते विचार न करता आपसूक व्हायला लागायला मध्यम माणसाला ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाला हिशेबाने २५४ लागतील असं निघालं. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही हेही दिसलं. आणि हे सगळं नवीन सवय लावण्याबद्दल, तीही निरुपद्रवी. चाळीस वर्षांचं निकोटीन ही गोष्टच निराळी.

डबी लपवलीत तर आई शेजारणीची घेईल. लपवणारी मात्र मनातून उतरेल.

चहाबाज
बरं बाबा. मी बसून ऐकतो. चहा सांगू का कुणाला?

डॉ_कवळी
मी दातांची डॉक्टर, सांगली भागात. माझ्या खुर्चीत बसणाऱ्या मोठ्या वयाच्या बायकांत मशेरीवाल्या पुष्कळ. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात तंबाखू घेणारे प्रौढ २६.६ टक्के निघाले. एकूण प्रौढांत ओढणारे जेमतेम ३.८ टक्के, चघळणारे-लावणारे २४.४ टक्के. (दोन्ही करणारे काही असतात, म्हणून बेरीज जुळत नाही.) आपल्याकडचा प्रश्न सिगारेटचा कमी आणि डबी-पुडीचा जास्त आहे. पण घरात मात्र "सिगारेट ओढत नाही ना, मग झालं."

आजीच्या दाताबद्दल: बोटाने रगडल्याने वरचं किटण निघतं, निकोटीनने तरतरी येते, म्हणून "दात स्वच्छ झाले" असं वाटणं खोटं नाही. पण हिरडी जिथे रोज घासली जाते तिथे खाली सरकते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. अशा बाईला तुम्ही "मशेरीने दात खराब होतात" म्हणालात की ती मनात म्हणते, हिला काय कळतंय. तिचा रोजचा अनुभव उलटा आहे ना!

आधी एक करा. आईला आरशासमोर तोंड उघडायला सांगा. तिचीच तीन बोटं उभी धरून समोरच्या वरच्या-खालच्या दातांमधे जातात का बघा, म्हणजे तोंड पुरतं उघडतं का ते कळेल. गालाच्या आत, ओठामागे पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट लागलं की आग, यातलं काही असेल तर सवय-समजूत नंतर, आधी दाखवायला आणा.

वाशीकर
काशीच्या वांग्यावर कोणी बोललं नाही अजून. मला तर उत्तर तिथेच दिसतंय.

आमचे आजोबा माळकरी. माळ घालायच्या आधी मटणाशिवाय रविवार नसायचा. माळ घातली आणि संपलं. ते दात-ओठ खाऊन स्वतःला आवरत बसले असतील असं मला नाही वाटत. गावात कोणी त्यांना आग्रहच करेना, लग्नात त्यांचं पान वेगळं मांडलं जाई, आजीने मटणाचं पातेलं घराबाहेरच्या चुलीवर नेलं. "मी खात नाही" हे एकदा सगळ्यांनी मान्य केलं की रोज नव्याने ठरवावं लागत नाही. आपल्या लोकांनी हे कुठल्याही मानसशास्त्रज्ञाच्या आधी शोधलंय. तेव्हा ताई, आईला पंढरपूरला न्या आणि विठोबासमोर मशेरी सोडायला लावा.

साधा_माणूस
वाशीकर, मीपण माळकरी आहे आणि वर्षानुवर्षं गळ्यात माळ, खिशात तंबाखू-चुन्याची डबी असा फिरलोय. दिंडीत बघा, विसाव्याला टेकलं की पहिला चुना मळला जातो. मटणाला माळ आडवी येते, तंबाखूला येत नाही, कारण माळ घालताना तंबाखूचं नावच कोणी घेत नाही. ज्याचं नाव घेतलं तेवढंच सुटतं. आणि माळ खुंटीला टांगून लग्नाच्या जेवणावळीत बसलेलेही पाहिलेत, तेव्हा अगदीच हवेत जाऊ नका.

माझी तंबाखू सुटली ती अशी. पुडीवर छापलेला नंबर असतो, १८००-११-२३५६, फुकट आहे, तो लावला. मराठीत बोलल्या बाई. मला वाटलं भाषण देतील. त्यांनी विचारलं, "दिवसातली पहिली कधी घेता? कुठे बसून?" मी म्हणालो, "गोठ्यात, धार काढायच्या आधी." "मग उद्या गोठ्यात जाताना खिशात काय असेल?" असं सगळं बारीक. मी खिशात भाजलेली बडीशेप आणि लवंग ठेवली, डबी घरी. तलफ येते, पाच-दहा मिनिटं पिळून काढते आणि उतरते, हे मला त्या वयात पहिल्यांदा कळलं. तोवर वाटायचं, घेतली नाही तर ती वाढतच जाईल आणि डोकं फुटेल.

फटकळ
हेच. याला पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात जर-तरची आखणी म्हटलंय. "तंबाखू सोडेन" हा नुसता इरादा. "गोठ्याच्या दारात पोचलो की लवंग तोंडात टाकेन" ही आखणी. दुसरी जास्त टिकते, कारण ऐन वेळी विचार करायला माणूस ताळ्यावर नसतो.

आणि ताईंच्या पुणे-पाटण प्रश्नाला जुना दाखला आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैनिकांत हेरॉइन बोकाळली होती. १९७१ पासून ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी परतलेल्या सैनिकांचा माग ठेवला. तिकडे व्यसनात अडकलेल्यांपैकी मायदेशी आल्यावर पहिल्या दहा महिन्यांत पुन्हा अडकले ते साधारण पाच टक्के. सगळे चाट पडले. जागा बदलली, संगत बदलली, मिळण्याची सोय बदलली. तेव्हा समजूत वगैरे सोडा, आईला पुण्यातच ठेवून घ्या.

उंबरठा
फटकळ, सैनिक घरी आले होते. ताईंची आई पुण्याला येते तेव्हा घर सोडून येते. शेत, म्हैस, माणसं सोडून लिफ्टच्या इमारतीत राहा म्हणायचं, कशासाठी, तर मशेरीसाठी?

माझ्या सासूबाईंचं सांगते, कोकणातल्या. चार वाजता आमच्या पडवीच्या पायरीवर चौघीजणी जमायच्या. डाव्या तळहातावर चिमूटभर मशेरी, उजव्या हाताचं पहिलं बोट काळं. तोंडात मशेरी असली की बाई जास्त बोलू शकत नाही, म्हणून एक बोलते आणि तिघी हुंकार देतात, मग पिंक टाकून दुसरी सुरू. कुणाच्या सुनेचं काय, कुणाचा बैल गेला, सगळं तिथे. तेवढाच अर्धा तास कोणी कामाला हाक मारत नाही. मशेरी काढून घेतलीत तर ती पायरीही जाते. बदल्यात काय देणार ते आधी ठरवा.

दुसरं, कोणी लाजेने बोलत नाही म्हणून मीच बोलते. पोट. सासूबाई दात वगैरे आम्हाला सांगायच्या, खरी भीती होती पोट साफ न होण्याची. ती भीती खोटी नव्हती. बंद केल्यावर खरंच आठवडाभर हाल झाले आणि त्यांनी "बघा, मी म्हणत नव्हते?" म्हणून पुन्हा डबी उघडली.

डॉ_कवळी
उंबरठा, अगदी नेमकं. निकोटीनने आतड्याची हालचाल वाढते, त्यामुळे सुटताना बद्धकोष्ठ होणं हे ठरलेलं लक्षण आहे. जोडीला चिडचिड, झोप मोडणं, भूक वाढणं. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, मग दोन ते चार आठवड्यांत उतरत जातं. हे आधी सांगितलं नाही तर प्रत्येक बाईला तिच्या जुन्या समजुतीचा ताजा पुरावा मिळतो. आधी सांगितलं, कोमट पाणी, इसबगोल, जेवणात पालेभाजी अशी तयारी ठेवली, तर तोच त्रास "सुटतंय" याची खूण वाटतो.

सुनांसाठीही एक. मशेरी ही तंबाखूच. मुंबईतल्या बाराशेवर गरोदर बायकांच्या अभ्यासात (२००४) अशी धूर नसलेली तंबाखू घेणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. "भाजली की तिच्यातलं वीख जळतं" असं सांगून ती पहिलटकरणीच्या हातात ठेवतात, ते थांबवा.

निवांत_बंडू
वाचतोय. चांगला धागा.

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती सुरू केली, आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती मराठी लोकांपर्यंत आणली. त्यातली एक गोष्ट इथे लागू पडते असं वाटतं. आपण ज्या समजुतीशी भांडतो (दात, पोट, आजी) ती वरची. माणूस अडकतो तो तिच्या खालच्या वाक्यात: "मला हे सहन होणार नाही." साधा_माणूस यांनी तेच सांगितलंय की, डोकं फुटेल असं वाटायचं. हे वाक्य वाद घालून हलत नाही, एकदा थोडंसं सहन करून बघितलं तर हलतं. ताईंच्या शीर्षकातल्या प्रश्नाला माझं उत्तर: आधी छोटी कृती, तीही अशी निवडलेली की हेच वाक्य खोटं पडावं.

कोयनाकाठ
सगळ्यांचे आभार. शनिवारी गावी जाऊन आले. उंबरठाताई, तुमचं वाचून गेले होते म्हणून यावेळी काही शिकवलं नाही, आईबरोबर मागच्या दारी नुसती बसले आणि विचारलं, कुठली मशेरी कशासाठी?

तिने सरळ हिशेब मांडला. सकाळची पोटासाठी. दुपारची जेवण जिरायला. चारची "बाया येत्यात म्हणून". आणि निजायच्या वेळची? जरा थांबली. म्हणाली, "तिला काय, ती आपली आशीच."

मग वाशीकरांचा काशीचा मुद्दा काढला. म्हटलं, वांगं सोडलंस तशी ही सोड की देवासमोर. तर माझ्याकडे बघतच राहिली. "आगं, देवाला आवडीचं आन् चांगलं द्यायचं असतं. ही घाण देवाला कशी दिऊ?"

मी गप्प. म्हणजे घाण आहे हे तिला पक्कं माहीत आहे. आपण आजवर जी समजूत बदलायला धडपडत होतो ती तिच्याकडे होतीच!

वाशीकर
आईंना दंडवत. माझी सगळी थिअरी एका वाक्यात झोपवली.

तरी देव बाजूला ठेवून विचारतो, चार शेजारणींसमोर जाहीर केलं तर? लोकलाज मोठी असते.

कोयनाकाठ
तेही विचारलं. नको म्हणाली. "उद्या परत लावली तर ह्याच बाया हसतील." सोडलं असं कुणाला सांगायचं नाही ही तिची अट आहे.

साधा_माणूस
बरोबर आहे त्यांचं. कायमची सोडतो अशा मी तंबाखूच्या शपथा खाल्ल्या तेव्हा जास्त मळली. दारू सोडणाऱ्यांचं अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस अमेरिकेत १९३५ ला सुरू झालं, त्यांच्या बैठकीत माझा मेव्हणा जातो. तेसुद्धा फक्त आजचा दिवस म्हणतात, जन्माचं बोलतच नाहीत. वांगं एकदा सोडलं की सुटतं, कारण वांगं पहाटे उठून आपल्याला हाका मारत नाही.

निवांत_बंडू
मग निजायच्या वेळची आधी. तिला कारणच नाही, म्हणजे तिच्या बाजूने भांडायला कोणी नाही.

फटकळ
असहमत. एकेक कमी करणारे बाकीच्या वेळी चिमूट मोठी करतात, शरीर आपलं निकोटीन वसूल करतं. खरी गाठ सकाळची. रात्रभर रिकामं राहिलेलं शरीर तेव्हाच सगळ्यात जास्त मागतं. तिला हात न लावता रात्रीची सोडली म्हणून टाळ्या वाजवणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

डॉ_कवळी
फटकळ, वैद्यकीय बाजूने तुमचं बरोबर आहे, निम्म्या मशेरीने धोका निम्मा होतो असं कोणी समजू नये. थांबायचं ते पूर्णच. पण चाळीस वर्षांत जिने गावी असताना एकही वेळ चुकवलेली नाही तिला एक वेळ चुकवून सकाळ उजाडते हे दिसू दे. त्यानंतर महिनाभरात पूर्ण थांबण्याची तारीख धरा, आणि ती लग्नसराईत किंवा भातलावणीत धरू नका.

सकाळसाठी निकोटीनचा गम चालतो, २ मिलिग्रॅमचा औषधाच्या दुकानात मिळतो. बीपी, हृदयाचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तो चॉकलेटसारखा चावायचा नाही, बायका तिथेच चुकतात आणि उचकी लागली म्हणून फेकून देतात. चार-सहा वेळा हळू चावा, तिखट-झिणझिणं लागलं की गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवा, चव गेली की पुन्हा चावा. साधारण अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं चहा नाही. कवळी असेल तर गम चिकटतो, मग दुसरं बघू.

चहाबाज
आधी चहा नाही?? हे आधी सांगितलं असतं तर मी धाग्यात आलोच नसतो.

तोंडात टाकायला सुपारी चालेल का?

डॉ_कवळी
मुळीच नाही. नुसत्या सुपारीलाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये कर्करोगकारक ठरवलंय. तोंड उघडेनासं होतं ते मुख्यतः सुपारीनेच. ओवा, बडीशेप, लवंग, भाजलेलं जवस, काहीही द्या. सुगंधी पुडी नको.

उंबरठा
आणि चारच्या बैठकीचं? आमच्याकडे शेवटी पायरीवरच निवडण-टिपण नेलं. सासूबाईंच्या हातात सूप दिलं. दोन्ही हात गुंतले की बोट डबीत जात नाही. पहिल्या दिवशी बाकीच्या तिघी लावत होत्या, या तांदूळ निवडत होत्या आणि न थांबता बोलत होत्या, कारण तोंड मोकळं! पुढे त्यांतली एक म्हणाली, तुझं ऐकायलाच बसावं लागतंय. सासूबाईंची पूर्ण सुटलेली नाही, खोटं सांगणार नाही. माहेरी गेल्या की लावतात. पण आता कोणी विचारलं की "मला लागत नाही फारशी" म्हणतात, आणि बोट काळं दिसलं तर पदराला पुसतात. पूर्वी असं पुसत नसत.

कोयनाकाठ
सूप ही कल्पना उचलली. आईला फोनवर सांगितलं नाही, पुढच्या वेळी घेवड्याच्या शेंगाच घेऊन जाते सोलायला.

रात्रीची बंद आहे म्हणते. मी तपासत नाही. काल आपणहून म्हणाली, "झोप लागली की गं तशीच." आवाजात जरा नवल होतं. बोटांची परीक्षाही दिली, तीन जातात, तिसरं जरा घासून. डॉक्टर, हे चालेल का? आणि ती म्हणते, मी येते दाखवायला, पण आधी तुझ्या बापाला धर, त्यांच्या खिशात काय असतं ते कुणी इच्यारत न्हाई.

डॉ_कवळी
तिसरं घासून म्हणजे मी स्वतः बघायला हवं. या आठवड्यातच आणा, पुढे ढकलू नका. वडलांनाही गाडीत घाला. दोघांची बोटं एकाच वेळी मोजू.